मेलेलाच उंदीर

४ फेब्रुवारी

प्रिय वगैरे लिहायला पेन उठत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते. तुझी बाईसाहेब जेवत नाहीये.

सव्वा महिना झाला. तू गेलास त्या रविवारपासून तिने तोंडात काही घेतलेलं नाही. फोन केला तर तू ‘हं, हं, कामात आहे, मग बोलू’ म्हणतोस आणि तुझं ते ‘मग’ काही उगवत नाही. पत्राचं बरं असतं, मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण मला ते ऐकू येत नाही.

दोन महिन्यांसाठी जातो, कामात जरा रुळलो की खोली बघतो, मग बाईसाहेबांना नेतो आणि तुलाही, असं म्हणाला होतास. याच क्रमाने म्हणाला होतास. अजगर आधी, बायको नंतर. मी तेव्हा हसले होते.

तू फ्रीजच्या दारावर चिकटवलेला कागद मला आता तोंडपाठ झालाय. उंदरांचा डबा वरच्या बर्फाच्या कप्प्यात, मागे. आदल्या दिवशी एक काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून कोमट पाण्यात. नंतर नीट पुसायचा. डोकं बाकीच्या अंगापेक्षा जरा गरम असू दे, ती ऊब ओळखून झेपावते. चिमट्यात धरायचा आणि हलवायचा. आणि शेवटी, खाली दोन रेघा ओढून: ‘मेलेलाच द्यायचा. ती मेलेलाच खाते.’

सगळं तुझ्या कागदाबरहुकूम केलं. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, ब्लाउज सैल करायचे आणि घरी येऊन उंदराला अंघोळ घालायची. बाईसाहेब पेटीतल्या लाकडाखालून बाहेर आली, दोनदा जीभ काढली, उंदराकडे बघितलं आणि वेटोळं करून त्यात डोकं खुपसलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हा तुझ्या आईने ताटाकडे असंच बघितलं होतं. फरक एवढाच की तुझी आई नंतर जेवली.

माझं काय चुकतंय ते कळव. तिच्या पोटाचा प्रश्न आहे.

तुझी बायको


१९ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझी बडबड चालू ठेवते.

पाच वेळा प्रयत्न केले. मेलेल्या उंदराकडून जिवंत असल्याचं नाटक करून घ्यायचं, हे काम सध्या माझ्याकडे आहे. दोन पावलं उजवीकडे, थांबायचं, नाक वर, घाबरल्यासारखं करायचं, पुन्हा दोन पावलं. मधल्या सुट्टीत काजं-बटणं करणाऱ्या मावशींना मुद्दाम घरी आणलं, म्हटलं दुसरं कुणी बघितलं तर चूक कळेल. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “अगं, उंदीर हलतोय की तू थरथरतेस, तेच मला कळेना. तिला काय कळणार?”

एकदा ऊब टिकावी म्हणून उंदीर दुकानात नेला. इस्त्रीने टॉवेल तापवायचा, त्यात तो गुंडाळायचा आणि तसाच पळत घरी आणायचा, असा बेत होता. टॉवेल तापवला, गुंडाळला, इतक्यात गिऱ्हाईक आलं. त्याच्याशी बोलता बोलता मी त्या गुंडाळीवरून इस्त्री फिरवली. समोर कापड दिसलं की हात फिरतो, काय करणार. पुढचं सांगत नाही. दुकानाची दारं-खिडक्या दिवसभर उघडी होती आणि मावशी तोंडाला पदर लावून काजं करत होत्या.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. म्हणजे पूर्वीचा तू.

हा सगळा खटाटोप माझ्याच अटीमुळे आहे, हे मी विसरलेले नाही. बाईसाहेब माझ्याआधी तुझ्या आयुष्यात आली. सुरुवातीला तू तिला उघड उघड जिवंत उंदीर द्यायचास आणि मी बाहेरच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसायचे. मग सात वर्षांपूर्वी ते झालं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मी तुझ्याकडे एकच मागितलं, या घरात आता काही मरायचं नाही. तू लगेच ‘हो’ म्हणालास. “आजपासून मेलेलेच आणतो,” म्हणालास. मला तेव्हा तुझ्याबद्दल किती वाटलं होतं ते आता लिहवत नाही.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आज कागदच समोर आहे म्हणून लिहिते. मला त्या दिवसातलं घड्याळ तेवढं लख्ख आठवतं. कमरेखाली सगळं बधिर, समोर पांढरी भिंत आणि भिंतीवर घड्याळ. मुलीला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं होतं आणि मला कुणी काही सांगत नव्हतं. बरोबर पावणेपाचला तू आत आलास. स्टूल ओढून बसलास, माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, “मेलेलीच होती गं.” मी म्हटलं, मला बघू दे. तू म्हणालास, “नको, तुला झेपणार नाही.” मग साडेपाच वाजेपर्यंत तू माझा हात सोडला नाहीस. मी तुझं ऐकलं. तेव्हा ऐकायचे मी तुझं.

असो. चिमट्याची टोकं बोथट झालीत, दुसरा आणू का ते कळव.

तुझी बायको


८ मार्च

आलं तुझं पत्र. चार ओळी. चिमट्याबद्दल काही नाही.

‘परत येणं जमणार नाही. तुझा काही दोष नाही. तुझ्याकडे बघितलं की मला श्वास घेता येत नाही. बाईसाहेबांना कुणाला तरी देऊन टाक.’

मी रडले. लिहूनच टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर नाही म्हणायला नको. नंतर मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. बारा वर्षं एका ताटात जेवलो आपण आणि तू मला चार ओळींत वाटेला लावलंस. आणि ही ‘माझा काही दोष नाही’ची मेहेरबानी कशाला? दोष असता तर निदान भांडता आलं असतं. श्वास घेता येत नाही म्हणे! मी काय तुझ्या गळ्याभोवती वेटोळं घालून बसले होते? ते काम करणारी पेटीत आहे आणि तिला तू रोज कुरवाळायचास.

तिला मी कुणाला देणार नाही. प्रेम उतू चाललंय अशातला भाग नाही, खरं सांगायचं तर मला अजूनही तिला उचलताना मान आखडून घ्यावी लागते. पण टाकून दिलेल्या आम्ही दोघी आहोत आणि एकीने दुसरीला टाकायचं म्हणजे फार झालं.

तिच्या अंगावरचं कातडं सैल पडलंय. पाठीचा कणा हाताला लागतो. माझ्या धंद्यात अशा वेळी दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घेतात. इथे तसं करता येत नाही, म्हणून परवा तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते आहे.

सही काय करावी ते सुचत नाही.


१० मार्च

बाईसाहेबांना उशीच्या अभ्र्यात घातलं, तोंडाला नाडी ओवली आणि अभ्रा पिशवीत ठेवून बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे हो? म्हटलं, नवऱ्याची आठवण.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात अनुभवी. त्यांनी तिचं डोकं दोन बोटांत धरलं, दिवा जवळ घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मला विचारलं, “खायला काय देता?”

मी सांगितलं, मेलेला उंदीर. सात वर्षं मेलेलाच.

“कोण द्यायचं?”

“नवरा.”

“तुम्ही बघितलंय देताना?”

मी म्हटलं, नाही, मला बघवत नाही म्हणून तो दार लावून घ्यायचा. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तिच्या ओठावर बोट ठेवलं. दोन बारीक पांढरे व्रण होते. मानेवर एक. डोळ्याच्या अगदी खाली एक, तो ताजा, चारपाच महिन्यांचा असेल म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक टोचल्यासारखे.

“हे दात आहेत,” त्या म्हणाल्या. “उंदराला पकडलं की तो जीव वाचवायला चावतो. मेलेला उंदीर चावत नाही, ताई.”

मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, “हिला मेलेलं हे अन्न आहे, हेच माहीत नाही. हिची चूक नाही. तुमचीही नाही.”

घरी आले आणि आधी फ्रीज रिकामा केला. डबा पालथा घातला. खालची पाकिटं बर्फात रुतून बसली होती, सुरीने खरवडून काढली. तळाच्या पाकिटावर तारीख आहे. सात वर्षांपूर्वीची, मी दवाखान्यातून आले त्याच आठवड्यातली. म्हणजे तू डबा एकदा आणलास, मला दाखवलास आणि ठेवून दिलास. सात वर्षांचे जुने उंदीर मी नाचवत होते. त्यातल्या एकाला इस्त्री केली.

एक मंगळवार सोडून एक मंगळवार पेटीची साफसफाई. दार बंद आणि आत रेडिओ मोठा. मला वाटायचं, याला वयाप्रमाणे गाणी आवडायला लागली.

आणि जाताना तू तोच कागद फ्रीजवर लावून गेलास. अजगर दोन महिने उपाशी राहिला तरी मरत नाही, हे तुला माहीत होतं. तू हिशेब केलास की तेवढ्यात काहीतरी मार्ग निघेल. तिला उपाशी ठेवायची तुझी तयारी होती, पण ‘मी खोटं बोललो’ हे तीन शब्द म्हणायची नव्हती.

संध्याकाळी दुकानात उसवताना एकच गोष्ट डोक्यात होती. तू खरं बोलतोस तेव्हा तुझं वाक्य साधं असतं. खोट्याला तू ‘च’ लावतोस. ‘निघालोच होतो.’ ‘तुझाच विचार करत होतो.’ ‘मेलेलेच आणतो.’ नवशिके कसे, शिवण कच्ची राहिल्याची शंका आली की त्याच जागेवरून दोनदा मशीन मारतात, तसं आहे तुझं. उसवायला बसलं की तीच जागा आधी नजरेत भरते. इतकी वर्षं मी लोकांचं शिवलेलं उसवते आणि घरातलं मला दिसलं नाही.

खुलासा पाठव.


२६ मार्च

तुझा खुलासा मिळाला. दुकानात मिळाला, एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत होते.

‘हो, जिवंत देत होतो. एकदा मेलेला देऊन बघितला, तिने तोंड फिरवलं. तिला उपाशी मारायचं का? तुला सांगितलं असतं तर तुला झेपलं नसतं. तुझी तेव्हाची अवस्था तुला आठवत नाही, मला आठवते. पण हे एक सोडलं तर मी तुझ्याशी कधीच काहीच खोटं बोललो नाही.’

सुरुवातीचं वाचताना मला जरा वाईटसुद्धा वाटलं तुझं, खोटं कशाला बोलू. खरोखरच अवघड होतं, एकीकडे ती, एकीकडे मी. शेवटच्या ओळीपर्यंत मी तुला निम्मं माफ करून टाकलं होतं.

कधीच. काहीच. एका वाक्यात दोन.

मी सुई खाली ठेवली. मावशींनी विचारलं, काय झालं गं, रंग का उतरला? मी त्यांना विचारलं, “मावशी, माझी मुलगी गेली तेव्हा तुम्ही आला होतात ना दवाखान्यात? तुम्ही बघितलं होतंत तिला?” त्या म्हणाल्या, नाही बाई, आम्हाला कुणालाच दाखवलं नाही, तुझा नवरा म्हणाला बघू नका.

सोमवारी दुकान बंद ठेवून मी दवाखान्यात जाणार आहे. काही निघायचं नाही, उगाच जखम उकरू नकोस, असं मावशी म्हणतात. मलाही तसंच वाटतं. तुझ्याबद्दल इतकं वाईट मनात आणल्याची मला लाज वाटेल आणि तसं पत्र मी तुला पाठवीन. ते पत्र लिहायची माझी इच्छा आहे, हे लक्षात ठेव.


३१ मार्च

नोंदींची खिडकी तळघरात आहे. बाहेर लाकडी बाक, आत एक चष्मेवाल्या बाई, त्यांच्या मागे छतापर्यंत रजिस्टरं. मी तारीख सांगितली, माझं नाव सांगितलं, दाखला हवा म्हटलं.

त्यांनी मान वर न करता विचारलं, “जन्माचा हवा की मृत्यूचा?”

मी म्हटलं, “एकच असेल हो. मेलेलीच जन्मली होती.”

त्या उठल्या, रजिस्टर काढलं, ओळीवरून बोट फिरवलं. “नाही,” त्या म्हणाल्या, “दोन्ही आहेत. मेलेलं जन्मलं तर त्याची नोंद वेगळ्या वहीत होते. ही या वहीत आहे. जन्म चार वाजून वीस मिनिटं. मृत्यू पाच वाजून पाच मिनिटं.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि वही माझ्याकडे फिरवली. खाली तुझी सही आहे. सहीच्या शेवटी तू जो टिंब देतोस, तोसुद्धा आहे.

मी त्यांना विचारलं, घड्याळं बरोबर असतात का तुमच्याकडे? त्या म्हणाल्या, “बसा जरा बाहेर. पाणी देऊ?”

मी बसले बाहेर. पाणीही प्यायले.

पावणेपाचला तू आत आलास. पावणेपाचला. मी भिंतीवरचं घड्याळ सोडून दुसरं काही बघत नव्हते, ते मी चुकणार नाही. तू माझा हात धरून ‘मेलेलीच होती’ म्हणालास तेव्हा ती भिंतीपलीकडे जिवंत होती. आणखी वीस मिनिटं होती. मी बघू दे म्हटलं तेव्हा होती. नको, झेपणार नाही म्हणालास तेव्हा होती.

डॉक्टरांनी तुला सांगितलं असेल की ती जगायची नाही. तू घाबरला असशील. एकटा होतास, हे सगळं मला कळतं, सात वर्षांनी आणि एवढ्या रागातही कळतं. पण माझ्या मुलीला ती जायच्या आधी तू मारलंस. तिच्या वाट्याची वीस मिनिटं होती, माझ्याही वाट्याची होती, ती तू कुणाला विचारून संपवलीस? आणि मग सात वर्षं माझ्या तोंडाकडे बघून तुझा श्वास अडकायला लागला, आणि मी आरशात बघून म्हणायचे, माझ्यात काय एवढं बिघडलंय.

लाज वाटल्याचं पत्र लिहायचं होतं मला. कागदही चांगला आणून ठेवला होता. त्यावरच हे लिहिलंय.


१२ एप्रिल

बाईसाहेब काल जेवली.

डॉक्टरीणबाईंनी नवे, ताजे उंदीर दिले होते आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हलवू नका, नाचवू नका. गरम करा, ठेवा, दार लावा आणि निघून जा. मी त्यांचं ऐकत नव्हते. मला वाटायचं, मेलेलं आहे हे तिला कळलं तर ती कशी खाईल? जिवंत असल्याचं दाखवलंच पाहिजे. आता बघ, माझ्याही बोलण्यात तो ‘च’ आला.

काल उंदीर कोमट केला, पुसला, तिच्यासमोर ठेवला. चिमटा धुऊन खिळ्याला टांगला. तिला म्हटलं, “मेलेला आहे. खायचा तर खा, नाहीतर राहू दे.” आणि दार लावून बाहेर बसले. रेडिओ लावला नाही.

पाऊण तास मी बसले होते. पाऊण तास किती मोठा असतो ते काल कळलं. तेवढ्यात माझ्या दोन पँटींची टीप घालून झाली, चहा झाला, खालच्या मजल्यावरचं एक भांडण सुरू होऊन मिटलं. चार वीस ते पाच पाच म्हणजे तेवढाच वेळ.

दार उघडलं तर तिने त्या उंदराला तीन वेढे घातले होते आणि आवळत होती. मेलेल्याला. तो हलत नाही, चावत नाही, तरी स्वतःची खात्री पटेपर्यंत तिने सोडला नाही. मग वेढे ढिले केले, डोक्याकडून सुरुवात केली आणि सावकाश गिळला. मी उभं राहून सगळं बघितलं. मान आखडली नाही. झेपलं तिला. मलाही झेपलं.

आता दोन दिवस तिला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर टाकते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. तुझा कागद फ्रीजवरून काढला, त्यांचा लावला.

तू परत ये, असं मी म्हणत नाही. माफ केलं असंही नाही, आणि ते तू मागूही नकोस. मला फक्त काही गोष्टी हव्या आहेत ज्या तुझ्याकडे आहेत आणि माझ्या आहेत. ती रडली का? आवाज कसा होता? डोळे उघडले होते का? तू तिला उचलून घेतलंस का? पहिली पंचवीस मिनिटं तू तिच्याजवळ होतास, असं मी धरून चालते आहे. तेवढं तरी मला धरू दे.

आणि त्यानंतरचं. पावणेपाच ते साडेपाच तू माझा हात धरून बसला होतास, एकदाही उठला नाहीस. मग ती शेवटची वीस मिनिटं तिच्याजवळ कोण होतं?

उत्तर लिही. जे असेल ते लिही. च न लावता.

तिची आई